उरलेला हजार

"ताई, बरोबर आहे का?"

हा प्रश्न दिवसातून किती वेळा कानावर आदळतो, हे मोजायला ताई बसल्या असत्या तर त्यांना दुसरं कामच करता आलं नसतं. पेन्सिलीला टोक केलं, बरोबर आहे का? कुंडीला पाणी घातलं, बरोबर आहे का? बुटाची नाडी बांधली, बरोबर आहे का? एकदा तर ती पोरगी शिंकली आणि शिंकून झाल्यावर मान वर करून ताईंकडे बघत राहिली. ताई मनातल्या मनात म्हणाल्या, अगं बाई, आता शिंकसुद्धा तपासून देऊ का तुला?

पोरगी सात वर्षांची. वर्ष निम्मं सरल्यावर दुसऱ्या शाळेतून इथे आली होती. तिथे म्हणे प्रत्येक ओळीखाली लाल खूण व्हायची आणि चुकलेल्याने वर्गासमोर उभं राहायचं. तिथून ती हा प्रश्न घेऊनच आली. वर्गातल्या मुलांनी आठवड्याच्या आत तिचं नाव ठेवून दिलं, 'बरोबर-का'. ताईंनी डोळे वटारून बघितलं, पण मुलांनी ठेवलेलं नाव कधी पुसलं गेलंय का? ताईंच्याही मनात तेच बसलं.

या शाळेत तपासणारं कोणी नव्हतंच. सहा ते नऊ वर्षांची मुलं एकाच वर्गात. भिंतीलगत बुटकी कपाटं, त्यात साहित्य. ज्याने त्याने आपलं काम निवडायचं, चटई अंथरायची आणि बसायचं. ताई एकदा करून दाखवणार आणि बाजूला होणार. बरोबर की चूक ते साहित्यच सांगायचं. ठोकळा बसला नाही तर नाहीच बसला, तिथे ताईंची वशिलेबाजी चालायची नाही. आणि ताईंचा नियम एकच, पण तो दगडावरची रेघ. अर्धवट राहिलेलं काम नावाचं कार्ड ठेवून तसंच सोडायचं, आणि त्याला दुसऱ्या कोणी, म्हणजे कोणीही, हात लावायचा नाही. मागे एकदा शाळेच्या मोठ्या बाईंनी पाहुणे येणार म्हणून एका मुलाचा अर्धा नकाशा उचलून टेबलावर ठेवला, तर ताई त्यांच्याशी दोन दिवस धड बोलल्या नव्हत्या.

तर अशा वर्गात ही बरोबर-का. ताई दर वेळी म्हणायच्या, "तूच बघ ना, तुला काय वाटतं?" त्यावर ती बिचारी आणखीच घाबरायची. तिला वाटायचं, उत्तर ताईंना माहीत आहे आणि त्या मुद्दाम लपवताहेत.

एरवी ताईंना हे जमलं असतं. अशी चार पोरं त्यांनी याआधी मार्गाला लावली होती. पण यंदा अंगात जीवच राहिला नव्हता. इतकी वर्षं जमिनीवर ऊठबस करून गुडघे कामातून गेलेले. त्यातच शेजारच्या वर्गाची ताई बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "तेवढं तुम्ही बघाल ना?" घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. दोन्ही वर्ग ताईंच्या गळ्यात पडले. घरी गेल्यावर त्या चपलांसकट पलंगावर टेकायच्या आणि भाजी चिरायला उठायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुःखाचं नव्हे, नुसतं थकव्याचं.

आणि एक दिवस बरोबर-का आपणहून उठली आणि कपाटाशेजारी टांगलेली हजाराची माळ तिने काढली.

ही माळ म्हणजे दहा-दहा सोनेरी मण्यांच्या काड्या एकीला एक जोडलेल्या, शेवटच्या मण्यापर्यंत हजार. वर्गात ती मावतच नाही. दारातून बाहेर काढून व्हरांड्यात अंथरायची, खाली चटयांची रांग. मग पहिल्या मण्यापासून बोट ठेवत मोजत जायचं आणि प्रत्येक काडीच्या टोकाला आकड्याची चिठ्ठी ठेवायची. दहा, वीस, तीस, करत करत शेवटच्या मण्याशी हिरवी चिठ्ठी, 'हजार'. मोठी मुलंसुद्धा मध्येच कंटाळतात. ताईंनी सुरुवात करून दाखवली आणि बाजूला झाल्या.

बरोबर-का मोजत सुटली. पालथी पडून, कोपरांवर सरकत, ओठ हलवत. डब्याच्या सुट्टीत घाईघाईने दोन घास खाल्ले की परत माळेवर. मुलं तिला ओलांडून जात होती, कोणी चिडवलं तरी तिचं लक्ष नव्हतं. ताई दाराआडून बघत होत्या. सकाळपासून तिने एकदाही तो प्रश्न विचारला नव्हता. एकदाही नाही! ताई जवळ जायलाही घाबरत होत्या, आपल्याला बघितलं आणि सवयीने विचारलं तर?

घंटा व्हायच्या सुमाराला ती माळेच्या टोकाला पोचली. तिथे बराच वेळ उकिडवी बसून राहिली. हाताकडे बघितलं, मग मागे पसरलेल्या माळेकडे बघितलं, पुन्हा हाताकडे. मग घंटा झाली. तिने चटईच्या कडेला आपल्या नावाचं कार्ड ठेवलं, मूठ खिशात घातली आणि फाटकाकडे पळाली. ताईंना वाटलं, झाली माळ पूर्ण. त्यांना नाचावंसं वाटलं. गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, म्हणून नुसत्या हसल्या.

त्या संध्याकाळी पालकसभा होती. पहिल्या दिवशी ताईंच्या वर्गाची, दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गाची, आणि दोन्हीकडे बोलणार ताईच. व्हरांड्यात खुर्च्या मांडायच्या होत्या. झाडलोट करणाऱ्या मावशी खुर्च्या ओढत आणत होत्या, मोठ्या बाई ऑफिसातून सूचनांवर सूचना सोडत होत्या, कोणाच्या तरी आईचा फोन ताईंच्या कानाला होता आणि त्या "हो, हो, नक्की" म्हणत होत्या. असं म्हणता म्हणता त्या वाकल्या, माळ गोळा केली, खुंटीला अडकवली, चिठ्ठ्या त्यांच्या डबीत टाकल्या आणि चटया गुंडाळू लागल्या. इतक्या वर्षांची सवय. हात जागे होते, डोकं झोपलं होतं.

शेवटच्या चटईखालून नावाचं कार्ड बाहेर पडलं.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. फोनवरची बाई विचारत होती, "हॅलो? ऐकताय ना?" ताई ऐकत नव्हत्या. हातातल्या कार्डाकडे बघत त्या मटकन खुर्चीवर बसल्या. जगाला शहाणपण शिकवायचं आणि आपण असे दिवे लावायचे!

सभेत त्या काय बोलल्या हे त्यांना नंतर आठवलंच नाही. सगळे गेल्यावर एक माणूस मागे राहिला. बसचालकाचा गणवेश, टोपी हातात. बरोबर-काचा बाप.

"ताई, एक सांगायचं होतं," तो संकोचत म्हणाला. "पोरगी आज घरी आल्यापासून वेगळीच आहे बघा. ती माझं डोकं खायची रोज. भात असा कालवू का, चादर अशी घालू का, बरोबर आहे का, बरोबर आहे का. आज काही नाही. म्हणते, उद्या मला शाळेत एक शोधायचंय. काय ते सांगत नाही. हसते नुसती." हातातल्या टोपीकडे बघत तो म्हणाला, "तिची आई गेल्यापासून अशी हसली नव्हती."

ताईंनी "हं" म्हटलं.

सांगून टाकायला हवं होतं, हे कळायला काही पंडित लागत नाही. पण घरी जाताना ताईंनी मनाशी दुसरंच ठरवलं. सकाळी लवकर यायचं, माळ होती तशी मांडायची, चिठ्ठ्या लावायच्या. तिने पूर्ण केलीच होती ना? मग बिघडलं कुठे? पोरीला कशाला दुखवायचं? असं त्या स्वतःला समजावत होत्या. खरं कारण एवढंच की तिचा चेहरा पडलेला बघायची त्यांच्यात ताकद नव्हती.

सकाळी शाळेत मावशींशिवाय कोणी नव्हतं. ताईंनी फरशीवर गुडघे टेकले आणि कण्हत कण्हत सगळी माळ मांडली. एकेक चिठ्ठी जागच्या जागी. टोकाला पोचल्या आणि बघतात तर डबी रिकामी. 'हजार' नाही.

मग सुरू झाली शोधाशोध. कपाटाखाली, चटयांच्या घड्यांत, केराच्या टोपलीत. मावशींना केरसुणी झटकायला लावली. "काय हरवलंय एवढं? सोनं आहे का?" मावशी वैतागल्या. "चिठ्ठी आहे हो," ताई म्हणाल्या, आणि मावशींनी तोंडाने नाही पण भुवयांनी जे म्हणायचं ते म्हटलं.

मुलं यायची वेळ झाली. ताईंनी हिरवा पुठ्ठा कापला, जुन्या चिठ्ठीसारखंच वळण काढत 'हजार' लिहिलं आणि शेवटच्या मण्याशी ठेवून दिलं. मागे सरून बघितलं. हुबेहूब! क्षणभर त्यांना स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

बरोबर-का आली ती उजवी मूठ घट्ट मिटून. दप्तर एका हाताने कसंबसं अडकवलं. ताईंकडे बघून हसली आणि सरळ माळेच्या सुरुवातीला जाऊन बसली. मग एकेका काडीवर वाकून बघत पुढे सरकू लागली. ताईंना कळेना, ही आता काय बघतेय? सगळं तर झालंय. ती सावकाश चालली होती, मध्ये थांबत होती, परत मागे येऊन बघत होती. जसजशी पुढे गेली तसतसं तिचं हसू कमी होत गेलं. शेवटी ती टोकाला पोचली.

तिथे हिरवी चिठ्ठी होती. 'हजार'.

तिने मूठ उघडली. तळहातावर घामाने मऊ झालेली, कोपरे दुमडलेली हिरवी चिठ्ठी. 'हजार'.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ताईंना वाटलं, ही मूठ उघडलीच नसती तर किती बरं झालं असतं. पोरगी एकदा खाली बघत होती, एकदा हाताकडे. ओरडली नाही, रडली नाही. मग तिने मान वर केली आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "ताई, बरोबर आहे का?"

ताई गुडघ्यांची पर्वा न करता तिच्याजवळ खाली बसल्या.

"ही दुसरी चिठ्ठी मी केली गं. काल संध्याकाळी मीच तुझी माळ उचलली. चुकून. लक्षातच नाही आलं. सकाळी येऊन परत मांडली."

"सगळी?"

"सगळी."

"बरोबर मांडली?"

"हो."

तिने सगळ्या माळेवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "मग माझी चूक कुठे गेली?"

"कसली चूक?"

"काल माझी ही उरली होती." तिने हातातली चिठ्ठी दाखवली. "माळ संपली आणि ही उरली. म्हणजे मध्ये कुठेतरी माझी एक काडी सुटली. ती मी आज शोधणार होते. माझी मीच शोधणार होते. झोपतानासुद्धा धरून ठेवली होती ही." आता मात्र तिचा आवाज कापला. "तुम्ही बरोबर करून टाकलंत."

ताई इतकी वर्षं पालकांना सांगत आल्या होत्या, मुलाची चूक त्याच्या हातातून काढून घेऊ नका. किती सभांमध्ये, किती वेळा! घसा बसेपर्यंत सांगितलं होतं.

"तुम्ही मला आल्या आल्या का नाही सांगितलं?" पोरीने विचारलं.

"लाज वाटली."

"तुम्हाला कोणी रागावणार होतं?"

"नाही."

"उभं करणार होतं?"

"नाही गं."

"मग?"

बरोबर-काने खाली वाकून नवी चिठ्ठी उचलली आणि ताईंच्या हातात दिली. "ही तुमची," म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

सगळी सकाळ ती तिथेच होती. ताई दुसऱ्या मुलांना गुणाकार दाखवत होत्या आणि चुकत होत्या. एका मुलाने तर सरळ सांगितलं, "ताई, आज तुमचं डोकं जागेवर नाहीये." मध्येच बरोबर-का उठून आली. "ताई, मी पाणी पिऊ? बरोबर आहे का?" थोड्या वेळाने, "ताई, खिडकी लावली, बरोबर आहे का?" झालं. सगळं मुसळ केरात. इतक्या दिवसांची मेहनत ताईंनी स्वतःच्या हाताने धुऊन टाकली होती. जाऊन तिला माळेकडे ओढून न्यावं असं त्यांना दहादा वाटलं. पण ओढून नेलेलं काम तिचं झालं नसतं. त्यांनी एवढंच केलं. व्हरांड्यात जाऊन, तिला दिसेल अशा बेताने, माळेवरच्या सगळ्या चिठ्ठ्या उचलल्या, डबीत घातल्या, डबी हलवली आणि माळेच्या सुरुवातीला ठेवून आत आल्या.

डब्याची सुट्टी झाली. मुलं परत आली. खिडकीपाशी कोणी नव्हतं.

ताई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. व्हरांड्यात पोरगी पालथी पडली होती, ओठ हलत होते. ताई पाय न वाजवता मागे सरल्या. दुपारभर त्यांनी त्या दाराकडे पाठ करून काम केलं. अशा वेळी पाठ फिरवून बसायला किती जोर लागतो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

घंटेच्या थोडं आधी व्हरांड्यातून किंकाळी आली. ताई गर्रकन वळल्या. पोरगी दारात उभी, केस विस्कटलेले, हातात दुमडलेल्या कोपऱ्यांची हिरवी चिठ्ठी.

"ताई! उरली! परत उरली!" ती उड्या मारत होती. "माझी चूक परत आली!"

अख्खा वर्ग बघत राहिला. कोणीतरी म्हणालं, "चुकलं म्हणून नाचतेय, वेडीच आहे." ताईंना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरले. दोन्ही लपवायला त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मग, शोधतेस आता?"

"आज नको." ती ऐटीत म्हणाली. "बाबा येतील. उद्या शोधीन. घाई काय आहे?" नावाचं कार्ड तिने चटईवर मधोमध, आंधळ्यालाही दिसेल असं ठेवलं. मग ताईंसमोर येऊन उभी राहिली, त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं आणि चिठ्ठी पुढे केली. "ही तुम्ही ठेवा. माझ्या मुठीत घाम येतो. उद्या द्या मला. आणि हात लावायचा नाही हं माळेला."

"नाही लावणार."

"नक्की?"

"नक्की."

संध्याकाळी मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या आणि त्यांचा पारा चढला. "अहो, अजून हे इथेच? पालक येतील आता. खुर्च्या कुठे मांडू, माझ्या डोक्यावर?"

"कुठेही मांडा. इथे नाही."

"एक माळ ती! उद्या परत मांडेल पोरगी."

"तुम्हाला सभा घ्यायची असेल तर वर्गात घ्या, नाहीतर मी घरी जाते," ताई म्हणाल्या. इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या की मोठ्या बाई वाद घालायचंच विसरल्या. त्या संध्याकाळी शहाणेसुरते आई-बाप भिंतीला पाठ घासत, एकामागे एक, माळ चुकवत वर्गात शिरले आणि पोरांच्या बुटक्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. एका गृहस्थांचं स्टूल करकरलं. सभा मात्र लवकर आटोपली.

सगळे गेल्यावर मावशी झाडायला आल्या. ताई दिवे मालवायला म्हणून व्हरांड्याच्या टोकाला निघाल्या, माळेच्या कडेकडेने. चालता चालता त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. अर्ध्याच्या थोडं पुढे, ओळीने चिठ्ठ्या, आणि मध्येच एक काडी उघडी. तिच्या टोकाला काही नाही. तिथून पुढची प्रत्येक चिठ्ठी एकेक घर सरकलेली.

अंगवळणी पडलेला हात आपोआप खाली गेला. मग ताईंनी तो मागे घेतला आणि मूठ मिटली. मुठीत ती मऊ झालेली चिठ्ठी होती.

केरसुणी थांबवून मावशीही वाकल्या. "ताई, इथे एक राहिलीय वाटतं."

"राहू द्या, मावशी. तिला उद्या ती शोधायचीय."

"तुम्हाला तर सापडली की आत्ताच."

"मला नाही सापडली," ताई म्हणाल्या. "आणि तुम्हालाही नाही. कळलं?"

मावशींनी कपाळाला हात लावला आणि भिंतीकडेने झाडत पुढे गेल्या. ताईंनी दिवा मालवला. बस उशिरा आली, गर्दी होती, बसायला जागा नव्हती. वाहकाने तिकिटासाठी पैसे मागितले तेव्हा ताईंनी खांद्यावरची पर्स डाव्या हाताने कशीबशी उघडली, दोन नाणी खाली पाडली, मागच्या बाईची बोलणी खाल्ली. उजवी मूठ त्यांनी घरी पोचेपर्यंत उघडली नाही.